थोडा प्ले ठेवा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मोटरसायकलची निम्मी कामं घरच्या घरी होतात. ते वाक्य मला महागात पडलं. संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला आणि अर्ध्याअधिक पत्रांचा सूर एकच: 'तुमचं वाचून घरी केलं, आता हे असं झालंय, काय करू?' म्हणून या वेळी नवीन काही शिकवत नाही. आधीचं निस्तरतो.

नव्या वाचकांसाठी ओळख. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी ३२ वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. आता ऐरोलीत सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहतो. पुढच्या ओट्याला शटर लावून घेतलंय. त्या जागेला मी गॅरेज म्हणतो, आमची ही अडगळ म्हणते. आत १९८७ ची हीरो होंडाची सीडी १०० मोटरसायकल आहे, पुण्याला गेलेल्या मुलाने मागे ठेवलेली पल्सर आहे आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत मापवार लावलेले नट-बोल्ट आहेत.

प्रश्न : स्प्लेंडरचं ऑइल पहिल्यांदाच घरी बदललं. गळू नये म्हणून ड्रेन बोल्ट चांगला घट्ट केला, मग अजून थोडा केला. 'कट्' आवाज झाला आणि आता बोल्ट नुसता गरगर फिरतोय. रात्रभर ऑइल ठिपकत होतं. खालून एम-सील लावलं तर चालेल का? — एक वाचक, कळवा

नाही चालणार. एम-सील, टेफ्लॉन टेप, साबणाची वडी, यातलं काहीही लावू नका. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, चिकटवलेलं सुटतं, आणि तो बोल्ट कळवा नाक्याच्या गर्दीत कधी पडला ते तुम्हाला कळणारही नाही. कळेल तेव्हा पिस्टन धरलेला असेल.

झालंय काय, तर बोल्ट लोखंडाचा आणि त्याच्या वरचं इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. दोघांची कुस्ती लावली की हार ॲल्युमिनियमची. बोल्ट बाहेर काढून उजेडात धरा. त्याच्या आट्यांत चकचकीत बारीक तार गुंडाळल्यासारखी दिसेल. ती तार म्हणजे तुमच्या इंजिनाचे आटे.

उपाय दोन. ओव्हरसाइज बोल्ट मिळतो. तो किंचित जाड असतो आणि आत जाताना स्वतःचे आटे पाडत जातो. तात्पुरतं बरं, पण दर वेळी ऑइल बदलताना धाकधूक. दुसरा उपाय हेलिकॉइल. भोक जरा मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि स्टीलच्या तारेची एक स्प्रिंग कायमची बसवायची. मग मूळ मापाचाच बोल्ट लागतो आणि नवे आटे जुन्यांपेक्षा दणकट होतात. रबाळे-महापेच्या बाजूला लेथवाले आहेत, त्यांच्याकडे चौकशी करा. गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत टाका.

तुम्हाला हसत नाहीये. १९८७ साली नव्याकोऱ्या सीडी १०० वर मी हेच केलं. दिवसभर कारखान्यात पाने फिरवणारा माणूस, गुर्मी होती. दुसऱ्या दिवशी फोरमनना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, त्याच मापाचा बोल्ट आणि पाना हातात दिला नि म्हणाले, "दहा भोकं पाडून आटे मार. दहाही घालव. घालवताना हाताला काय लागतं ते बघ."

दहा भोकं घालवली. सातव्या-आठव्याला कळायला लागलं. बोल्ट टेकेपर्यंत पाना हलका फिरतो. टेकला की एकदम जड होतो. तिथून पाव फेऱ्याच्या आत काम झालेलं असतं. त्यापुढे दाबत राहिलात की पाना पुन्हा हलका होतो, लोण्यात फिरल्यासारखा. हा दुसरा हलकेपणा ज्याच्या हाताला लागला, त्याचा बोल्ट गेला.

म्हणून पुढच्या वेळी असं करा. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवून ऑइल कोमट करा, चटका बसेल इतकं नको. मेन स्टँडवर लावा, खाली घमेलं ठेवा, १७ च्या रिंग पान्याने बोल्ट सोडवा. धार संपली की स्विच बंद ठेवून चार-पाच किका मारा, उरलंसुरलं येईल. बोल्टचा वॉशर चपटा झाला असेल तर बदला. गळती थांबवतो तो वॉशर, तुमचा दंड नव्हे. नंतर बोल्ट बोटांनी लावायचा, पूर्ण आत जाईपर्यंत बोटांनीच. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागलाय, बाहेर काढून परत लावा. शेवटी पाना हातात घ्यायचा तो टोकाला धरून नाही, मधोमध धरून. पाना लांब धरला की ताकद नकळत दुप्पट लागते. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, असेल तर उत्तमच. मी निवृत्तीनंतर घेतला, आणि माझं मनगट थोडं घट्टच करायचं हे त्याने मला या वयात दाखवून दिलं.

ऑइल किती घालायचं, तर पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच. या गाड्यांसाठी ९०० मिलीचे डबे निघतात ते उगाच नाही. एक लिटर आणून 'उरलेलं कशाला ठेवा' म्हणून सगळं ओतलंत, तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, एअर फिल्टरच्या डब्यात चढतं. पातळी बघताना डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून आत घालायची नाही. या एका चुकीमुळे ऑइल कमी असूनही पुरेसं दिसतं आणि किती जण तसेच फिरतात!

प्रश्न : कारचं महागातलं सिंथेटिक ऑइल अर्धा डबा उरलंय. बाइकमध्ये घातलं तर? ऑइल ते ऑइलच ना? — एक वाचक, खारघर

नाही ना. कारचा क्लच कोरडा असतो, आपल्या मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, आणि क्लच तर घर्षणावरच जगतो. मी हा कंजूषपणा करून बसलोय. आठवडाभर काही नाही. मग मुंब्रा बायपासच्या चढावर, मागे मेव्हणा, ॲक्सिलरेटर पिळतोय, इंजिन बोंबलतंय आणि गाडी आपली सायकलच्या वेगाने. मेव्हण्याने खाली उतरून चालत येण्याची तयारी दाखवली. नवं ऑइल दोनदा बदलावं लागलं, वर क्लच प्लेटी. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं बघा. 'एमबी' असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरचं. उरलेलं कारचं ऑइल शटरच्या पट्ट्यांना लावा, करकर थांबेल.

प्रश्न : पल्सरची चेन फडफड वाजत होती म्हणून ताणून घट्ट केली. आता फडफड गेली पण सूं-सूं असा आवाज येतो आणि मित्राला मागे बसवलं की वाढतो. चेन खराब आली का? — एक वाचक, मानपाडा, ठाणे

चेन बिचारी चांगली आहे, तुम्ही तिला फाशी दिलीय.

एक प्रयोग करा. मित्राला सीटवर बसवा आणि स्वतः खाली वाकून चेनकडे बघा. मागचं सस्पेन्शन दबतं, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर जातो आणि चेन ताणली जाते. म्हणजे गाडी उभी असताना जी ढिलाई दिसते ती या दबण्यासाठी राखून ठेवलेली असते. ती तुम्ही खाऊन टाकलीत. आता प्रत्येक खड्ड्याला चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढते, बेअरिंग सूं-सूं करतं, आणि घोडबंदर रोडला खड्डे किती ते मी तुम्हाला काय सांगायचं!

खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांच्या, मधोमध चेन बोटाने वर-खाली करा. साधारण २५ ते ३५ मिलिमीटर हलली पाहिजे, म्हणजे दोन बोटांची जाडी. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत किंवा चेनजवळच्या स्टिकरवर बघा. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे जिथे सगळ्यांत घट्ट लागेल तिथे माप धरायचं. आधी मागच्या एक्सलचा नट सैल करायचा, मग दोन्हीकडचे ॲडजस्टर सारखे फिरवायचे, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवायच्या आणि नट परत आवळायचा. मागे ड्रम ब्रेक असेल तर त्याचा प्ले (पकड यायच्या आधीची ढिलाई) आता बदललाय, तोही लगेच जुळवा. चेन करून ब्रेक विसरणारे मी पाहिलेत. त्यांना ते पहिल्या सिग्नलला आठवतं.

घट्ट जागा आणि ढिली जागा यांत फारच फरक असेल, किंवा स्प्रॉकेटचे दात शार्कच्या परासारखे वाकलेले दिसले, तर मात्र चेन-स्प्रॉकेटचा अख्खा सेट बदला. जुन्या दातांवर नवी चेन घालणं म्हणजे नव्या चेनची नासाडी.

स्वच्छ करताना चेनमध्ये रबरी ओ-रिंग असतील तर पेट्रोल नको, ते रबर खातं. केरोसीन किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, कोरडं फडकं, मग ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब आतल्या बाजूने. रात्रभर मुरू द्या, सकाळी वरवरचं पुसून घ्या, नाहीतर पॅन्टवर नक्षी.

आणि एक गोष्ट ओरडून सांगतो. चेन साफ करताना इंजिन चालू करून, गिअर टाकून, चाक फिरतं ठेवून फडकं लावायचं नाही! व्हिडिओत दाखवतात, सोपं दिसतं. फडक्याचं टोक स्प्रॉकेटमध्ये जातं आणि पाठोपाठ बोट. आमच्या लेनमधल्या एका मुलाच्या तर्जनीला आता नख नाही. चाक हाताने फिरवा, तुम्हाला कुठे लोकल पकडायचीय?

स्प्लेंडरवाल्यांनी पत्रांत विचारलंय, आमची चेन पूर्ण झाकलेली, बघायची कशी? चेनकव्हरला खाली एक रबरी बूच आहे, बघा तर. ते काढून बोट आत घालायचं. कित्येकांच्या गाडीला ते बूच पंधरा वर्षांत उघडलेलंच नसतं.

प्रश्न : आमच्या टॉवरमध्ये पोडियम पार्किंग आहे. सेक्रेटरी म्हणतात, इथे गाडीला पाना लावायचा नाही. माझा हक्क नाही का? — एक वाचक, कासारवडवली

हक्काचं वकिलाला विचारा. मी सेक्रेटरींच्या बाजूने आहे. शे-दोनशे गाड्यांच्या मधोमध एखाद्याने कार्ब्युरेटर उघडून पेट्रोल सांडलेलं मलाही आवडणार नाही, आणि ऑइलचा डाग त्या गुळगुळीत फरशीवरून जात नाही. पावसात त्याच डागावरून कुणाची तरी स्कूटर घसरते.

पण हवा तपासणं, चेनचा प्ले बघणं, क्लच आणि ब्रेकचा प्ले जुळवणं, बॅटरीचे टर्मिनल पुसणं याला कोण हरकत घेणार? खाली जुना फ्लेक्स अंथरा, वीस मिनिटांत उरका, फ्लेक्स गुंडाळून घरी न्या. ऑइल मात्र गॅरेजमध्येच बदला आणि शेजारी उभे राहा. नुसतं उभं राहिल्यानेही काम सुधारतं, हा माझा अनुभव आहे.

केबलला ऑइल पाजायचं काम तर घरातही होतं. क्लचची केबल काढून आणा. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीचा कोपरा कापा, त्यातून केबलचं वरचं टोक आत घ्या, दोऱ्याने आवळून बांधा. झालं नरसाळं. पिशवीत दोन चमचे पातळ ऑइल घाला आणि बाल्कनीत खिळ्याला टांगून ठेवा, खाली वाटी. सकाळपर्यंत खालच्या टोकातून आधी काळं, मग स्वच्छ ऑइल ठिपकायला लागतं. ते बघायला माझी नात सुट्टीत सकाळी लवकर उठायची. केबल परत बसवल्यावर लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर प्ले ठेवा. क्लच अगदी 'टाइट' लागतोय म्हणून खूश होऊ नका, मग तो कधीच पूर्ण पकडत नाही आणि हळूहळू जळतो.

प्रश्न : एअर फिल्टर काढून पेट्रोलने स्वच्छ धुतला, टायरवाल्याकडून प्रेशरने हवा मारून घेतली, अगदी पांढरा झाला. तेव्हापासून ॲव्हरेज पडलं. — एक वाचक, कोपरी

पांढरा झाला हेच चुकलं. हल्लीच्या अनेक गाड्यांत कागदी फिल्टर मुद्दाम चिकट द्रावात भिजवलेला असतो. धूळ त्या चिकटपणाला धरून राहते. तो धुवायचा नसतो, हवाही मारायची नसते. पुस्तिकेतल्या किलोमीटरला काढायचा नि नवा घालायचा. फोमचा असेल तर गोष्ट वेगळी: केरोसीनमध्ये धुवा, पिळू नका, दाबून काढा, वाळल्यावर ऑइलमध्ये बुडवून परत दाबा. तुमचा कागदीच दिसतोय. नवा आणा.

प्रश्न : माझे बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांची २००४ ची स्प्लेंडर दीड वर्षं आमच्या बिल्डिंगखाली ताडपत्रीत उभी आहे. आई म्हणते विकून टाक. मला ती चालवायची आहे. साइड कव्हरच्या आतल्या बाजूला बाबांनी प्रत्येक ऑइल बदलाचे किलोमीटर मार्करने लिहून ठेवलेत, शेवटचा आकडा ६१,४२०. मीटर आता ६४,९०० दाखवतंय. गॅरेजवाल्याला द्यायच्या आधी मला स्वतः काय करता येईल? — एक वाचक भगिनी, नेरुळ

ताई, सगळ्यात आधी किक मारू नका. लोक ताडपत्री काढतात, देवाचं नाव घेतात आणि पन्नास किका मारतात. दीड वर्षात सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरलेलं असतं. कोरड्या रिंगा कोरड्या भिंतीवर घासतात.

पहिल्या रविवारी नुसतं बघा. सीट आणि साइड कव्हर काढा. उंदरांनी एअर फिल्टरच्या डब्यात घर केलंय का, वायरी कुरतडल्यात का? नेरुळचे उंदीर पावसाळ्यात गाडीच्याच आसऱ्याला येतात. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. '२३१७' असेल तर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. बाजूच्या रबराला बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही खोल असली तरी टायर बदला.

मग पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. दीड वर्षं उभ्या टाकीच्या तळाशी पाणी असणारच असं नाही, पण धोका कशाला? कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला एक ड्रेन स्क्रू आहे तो सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. तळाला वेगळा थर किंवा मधासारखा पिवळा चिकटपणा दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी करायची आणि कार्ब्युरेटर जाणकाराकडून साफ करून घ्यायचा. हे काम उघड्यावर करा. आसपास डासांची कॉइल नको, उदबत्तीही नको. गाडीला उदबत्ती ओवाळायची असेल, आणि मला वाटतं तुम्हाला ओवाळायची असेल, तर ती सगळं झाकणबंद झाल्यावर आणि गाडी बाहेर उन्हात काढल्यावर.

तिसरं, प्लग. गाडीच्या टूलकिटमध्ये त्याचा पाना असतो. बाबांची टूलकिटची पिशवी शोधा, अशी माणसं ती हरवत नाहीत. प्लग काढा आणि त्या भोकात इंजिन ऑइलचे चमचाभर थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा. मग प्लग बाहेरच ठेवून किक हाताने दाबा, सावकाश, दहा-बारा वेळा. दाब नसल्यामुळे सहज फिरेल. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर थांबा आणि गॅरेजवाल्याला बोलवा. प्लगचा रंगही बघून घ्या. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर बाबांनी गाडी शेवटपर्यंत नीट ठेवली होती.

आता ऑइल. शेवटच्या बदलानंतर ३,४८० किलोमीटर झालेत, ते जास्त नाहीत. पण ऑइल दीड वर्षं दमट हवेत बसलंय, त्यामुळे बदलायचंच. कसं ते वर कळव्याच्या वाचकाला सांगितलंय, फक्त आधी गाडी चालू करून ऑइल कोमट करायचं तेवढं इथे सोडा. बोल्ट घट्ट करताना त्याची आठवण काढा.

बॅटरी मेली असेल. काळजी नको, या जुन्या स्प्लेंडरचं इग्निशन बॅटरीवर चालत नाही, किकवर गाडी सुरू होईल. पण हॉर्न आणि इंडिकेटरसाठी बॅटरी लागेलच. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

ब्रेक मात्र पहिल्यांदा जाणकाराकडूनच उघडून घ्या. दीड वर्षात ड्रमला गंज धरतो, शू चिकटतात. स्वतः बघायचंच झालं तर ड्रममधली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.

कागदांचं विसरू नका. गाडी अजून बाबांच्या नावावर असेल तर मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झाली होती का आणि तिची मुदत शिल्लक आहे का, ते आरसीवर बघा. विमा आणि पीयूसी संपलेले असणार. हे सगळं होईपर्यंत गाडी बिल्डिंगच्या आवारातच फिरवा, पाम बीच रोडवर नको.

आणि ऑइल बदलून झालं की साइड कव्हर परत लावायच्या आधी ६१,४२० च्या खाली ६४,९०० लिहा. मार्कर काळा वापरा, निळा उडतो.

प्रश्न : बीएस-६ गाडी आहे. घरी काही करता येतं का, की सगळं कॉम्प्युटरवर? — एक वाचक, घणसोली

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले, तसं कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून 'ट्यूनिंग' करणाऱ्यांचं राज्य संपलं. मला त्याचं थोडं दुःख आहे, खोटं कशाला बोलू! पण चेन, केबल, हवा, ब्रेक, ऑइल हे तसंच राहिलंय. भर द्यायचा तो बॅटरीवर. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीला व्होल्टेज कमी पडलं की ती नको ते दुखणं दाखवते. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर ठणठणीत, १२ च्या खाली गेली तर चार्जिंगला. गाडी चालू करून रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ दिसलं पाहिजे, न दिसल्यास चार्जिंगची लाइन तपासून घ्या.

स्विच चालू असताना कुठलाही सेन्सर किंवा कनेक्टर काढू नका. आणि कायम रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय असेल तर मोडा. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. मीटरवरचा पिवळा इंजिनाचा दिवा सतत लागून राहिला तर स्कॅनरवाल्याकडे जा, तिथे माझं मनगट कामाचं नाही.

डिस्क ब्रेकचं ऑइलही घरी नको. ते हवेतली ओल पितं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, पण लाइनीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर लिव्हर स्पंजासारखा दबतो आणि गाडी थांबत नाही. शिवाय टाकीवर सांडलं तर रंग सोलून काढतं.

प्रश्न : काढलेलं काळं ऑइल कुठे टाकायचं? मी गटारात ओततो. — एक वाचक, दिघा

प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण थांबवा. ते गटार खाडीत जातं, आणि ऐरोलीच्या खाडीवर आपण फ्लेमिंगो बघायला जातो. कायद्याने वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरून झाकण लावा आणि ज्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा ड्रम असतो तिथे नेऊन द्या. ते शुद्ध करून पुन्हा वापरात येतं. त्यात पाणी किंवा केरोसीन मिसळू नका. गॅरेजवाला कुरकुरला तर पुढच्या वेळचा प्लग त्याच्याकडून घ्या, कुरकुर थांबते.

प्रश्न : आमचे हे दर रविवारी सकाळी आठ ते दोन खाली गाडीपाशी. चहाचं गाळणं, माझी घासणी, जुना टूथब्रश नव्हे तर नवा टूथब्रश, सगळं गाडीला. हाताला केरोसीनचा वास आणि तसेच जेवायला बसतात. काही उपाय? — एक गृहिणी, कळंबोली

हा प्रश्न मी आमच्या हिला वाचून दाखवला. पुढचं उत्तर तिचं आहे, मी फक्त लिहून घेतलंय.

"उपाय नाही. मी ३८ वर्षं शोधतेय. गाळणी दोन आणायच्या आणि एकीला लाल दोरा बांधायचा, तेवढं ऐकतात. हात धुवायला डिशवॉशच्या लिक्विडमध्ये चमचाभर साखर घालून द्यायची, चोळलं की काळं निघतं. आणि तुमच्या यांना एक मात्र बजावून सांगा. पावसाची झड येते म्हणून यांनी एका जुलैत शटर फूटभर ठेवून खाली ओढलं आणि आत इंजिन चालू ठेवून कसलासा आवाज ऐकत बसले. मी चहा घेऊन गेले तर डोकं धरून भिंतीला टेकलेले, उलटी झालेली, बोलणं अडखळत. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो म्हणे. मी शटर वर केलं आणि यांना ओढून पावसात बसवलं. चहा सांडला तो सांडलाच. त्या दिवसापासून शटर पूर्ण वर असल्याशिवाय आमच्याकडे गाडीला किक नाही. पाऊस आत आला तर येऊ दे. लादी मीच पुसते."

तिने चहाच्या कपाचं लिहायचं नाही असं बजावलंय, पण तो कप चांगला होता. कान तुटला. आता त्यात १० नंबरचे वॉशर असतात.